पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या लेकीसाठी



या पानावर मी एरवी लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया आणि हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. गेल्या हंगामात धामणगाव, मंगरूळ, तळेगाव या बाजूला गटागटांत फिरताना ज्या ज्या घरी चहाला बसलो, त्यांपैकी बऱ्याच घरी लेक किंवा सून नर्सिंगला असल्याचे ऐकले. कोणी ए.एन.एम., कोणी जी.एन.एम., कोणी बी.एस्सी. नर्सिंग. त्यातच दोन-तीन ठिकाणी बापाने आवाज खाली करून सांगितले, "साहेब, पोरीचा विषय राह्यला." जणू पोरीने चोरीच केली आहे.

म्हणून आज माझ्याच घरची हकीकत सांगतो. ती सांगण्यास पुतणीची परवानगी घेतली आहे.

उन्हाळ्यातला फोन

२०२२ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी एका सभासदाच्या खोडव्यात उभा होतो. बुडखे छाटलेले नव्हते, पाचट पेटवून दिलेले होते, आणि त्याबद्दल मी त्यांना बोलतच होतो. तेवढ्यात थोरल्या भावाचा फोन आला. "बापू, पोट्टी नापास झाली. दोन दिवसांपासून धड जेवली नाई. तू ये."

पुतणी बी.एस्सी. नर्सिंग झालेली. तीन वर्षे नागपूरला खाजगी दवाखान्यात वॉर्डात व आय.सी.यू.त काम केलेली. नंतर समुदाय आरोग्य अधिकारी या पदाच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला तिची निवड झाली. शेवटी परीक्षा. प्रात्यक्षिकात पास, लेखीत सात गुण कमी.

घरी गेलो तर ती मागच्या खोलीत बसलेली. म्हणाली, "काका, मी तीन वर्षं वार्ड सांभाळला. व्हेंटिलेटरचे पेशंट पाह्यले. अन् पेपरात नापास! आता लोकाले काय सांगू?"

भाऊ ओसरीवर बसून होता. शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते चालू होते. एक स्थळही सांगून आले होते. तो म्हणाला, "पुरे झालं आता. दिवाळीनंतर लग्न उरकून टाकू." वहिनी सहसा मध्ये बोलत नाहीत. त्या दिवशी चुलीपासून उठून आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "तिले एक डाव अजून बसू द्या." भाऊ काही बोलला नाही. फेरपरीक्षेपर्यंत थांबायचे, असे त्यातून ठरले.

ही परीक्षा कशाची?

पुष्कळ सभासदांना वाटते की नर्स म्हणजे इंजेक्शन देणारी आणि सलाईन लावणारी. या पदाचे काम त्याहून निराळे आहे.

२०१८ साली केंद्र शासनाने आयुष्मान भारत योजनेत गावातली उपकेंद्रे आरोग्यवर्धिनी केंद्रे करण्याचे ठरवले. २०२३ च्या अखेरीस त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. सपाटीच्या भागात साधारण पाच हजार आणि मेळघाटासारख्या डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा हिशेब आहे. तेथे डॉक्टर नसतो. म्हणून परिचारिका किंवा आयुर्वेदाचा पदवीधर यांना सहा महिन्यांचा समुदाय आरोग्याचा अभ्यासक्रम द्यायचा आणि परीक्षा पास झाल्यावर तेथे नेमायचे, अशी ही योजना. आपल्या राज्यात हा अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत चालला, तर देशात इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठानेही तो चालवला.

कामे बारा प्रकारची. गरोदरपण व बाळंतपण, बाळाची काळजी, लसीकरण, कुटुंबनियोजन, साथीचे रोग, साधे आजार, रक्तदाब व मधुमेह, डोळे-कान-नाक-घसा, दात, म्हातारपण, मनाचे आजार आणि तातडीचे उपचार. तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब व साखर पाहायची. तोंडाच्या कर्करोगासाठी सर्वांना तपासायचे, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी बायांना.

तपासून, ठरवून, जमेल तो उपचार करणाऱ्या नर्सची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड नावाच्या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने त्याचे पहिले शिक्षण सुरू केले. खेड्यापाड्यांत मुलांचे डॉक्टर पुरत नव्हते, हेच त्याचे कारण. तिकडे अशा नर्सला नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. तिला पदव्युत्तर शिक्षणानंतर स्वतंत्र प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत चांगल्या अनुभवी नर्सही नापास होतात.

माझी चूक

मी पुतणीला सल्ला दिला, "झालं ते झालं. पहिल्या पानापासून पुन्हा वाच." आपण सगळे हेच सांगतो. तिनेही ऐकले. तीन आठवड्यांनी गेलो, तर पुस्तकाला सगळीकडे पिवळ्या रेघा मारलेल्या. मी पुस्तक हातात घेतले आणि रेघ मारलेल्या ओळीवरच एक प्रश्न विचारला. तिला उत्तर आले नाही. रडायला मात्र आले.

घरी परत येताना मोटारसायकलवर विचार करत होतो. एखादा सभासद म्हणतो, साहेब, टनेज घसरले. तेव्हा मी त्याला "सगळी खते पुन्हा टाका" असे सांगतो का? आधी विचारतो, माती परीक्षण केले का? नांग्या किती पडल्या? पाणी कुठे तुंबते? मग इथे मी तसे का केले नाही?

मीही कृषी पदविकेला एका विषयात राहिलो होतो. तेव्हा पुस्तक तीनदा वाचून काढले होते आणि दुसऱ्या खेपेस काठावर पास झालो होतो. का राहिलो, हे मला आजतागायत माहीत नाही.

गुणपत्रक आकडा सांगते, कारण सांगत नाही

अमेरिकेतल्या त्या नर्सच्या परीक्षेविषयी पुतणीनेच मोबाईलवर शोधून वाचून दाखवले. तेथे प्रमाणपत्र देणाऱ्या एका मंडळाचा नियम असा की, नापास उमेदवाराला नुसते गुण कळवत नाहीत, कोणत्या भागात तो कच्चा पडला तेही कळवतात. पुन्हा अर्ज करण्यापूर्वी त्याच कच्च्या भागांचा निदान १५ तासांचा अभ्यास केल्याचा दाखला जोडावा लागतो. एका वर्षात दोनदाच बसता येते. दुसऱ्या मंडळाकडे पुन्हा बसायला ६० दिवस थांबावे लागते. म्हणजे लगेच जाऊन पुन्हा नशीब पाहणे तिथे चालत नाही.

आपल्याकडे असा कागद हाती येत नाही. मग तो आपणच करायचा, असे ठरले. प्रश्नपत्रिका तिच्याजवळ होती. तिने पुन्हा ती घरी सोडवली, पुस्तकाशी ताडून पाहिली, आणि शिकवणाऱ्या सिस्टर ट्यूटर बाईंना फोन करून विचारले. जिथे जिथे गुण गेले असावेत अशा चौदा जागा निघाल्या. त्यांची तिने वहीत विभागणी केली.

चार ठिकाणी माहितीच नव्हती. दात, मनाचे आजार आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची घरची काळजी. हे आय.सी.यू.त कधी समोर आलेच नव्हते.

तीन ठिकाणी वेळ पुरला नव्हता. पहिल्या दोन प्रश्नांना पानेच्या पाने लिहिली आणि शेवटचा प्रश्न अर्धा राहिला.

उरलेल्या सात ठिकाणी तिला सगळे येत होते, तरी उत्तर चुकले होते. खरा रोग इथे सापडला. प्रश्न असायचा, "असा रुग्ण उपकेंद्रात आला, तुम्ही काय कराल?" आणि तिने लिहिले होते, सलाईन लावीन, ऑक्सिजन देईन, डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे औषध देईन. पण उपकेंद्रात सूचना देणारे डॉक्टर कुठे आहेत? तिथे आधी विचारायचे, तपासायचे, मोजायचे, धोका आहे की नाही हे आपणच ठरवायचे आणि मग उपचार करायचे किंवा पुढे पाठवायचे. तीन वर्षे ती सांगितलेले काम चोख करत आली होती. परीक्षा मात्र ठरवण्याची होती.

हे कळल्यावर तिच्या तोंडावरचा भाव बदलला. म्हणाली, "म्हंजे काका, मी बिनडोक नाई. मी वार्डातल्या नर्ससारखं लिवलं."

अभ्यास कसा केला

फेरपरीक्षेला चार महिने होते. दिवसभर घरकाम आणि शेतातला डबा होताच. म्हणून पहाटे पाच ते सात आणि रात्री साडेआठ ते साडेदहा अशी वेळ धरली.

पहिले काम म्हणजे कार्डे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तिने एकेक रुग्ण लिहिला आणि उत्तर वेगळ्या वहीत. रविवारी मी जायचो, कार्ड वाचायचो आणि ती तोंडी उत्तर द्यायची. सभासदांना कल्पना यावी म्हणून दोन-तीन नमुने देतो.

"दोन वर्षांचे मूल, तीन दिवस खोकला. श्वास मिनिटाला ४४." पहिल्यांदा ती म्हणाली, "सर्दी असंल." वही पाहिली. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त असेल तर तो जलद. दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचे. छाती आत ओढली जाते का, मूल पिते का, सगळे उलटते का, झटके आले का, हे विचारायचे आणि मग ठरवायचे.

"आठव्या महिन्याची बाई, डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी. रक्तदाब १६०/११०." इथे गोळी देऊन घरी पाठवले की गुण गेले, आणि खऱ्या आयुष्यात बाई गेली. रुग्णवाहिका बोलावून मोठ्या दवाखान्यात पाठवायचे.

"उसाच्या फडात मजुराच्या पायाला साप चावला." कापायचे नाही, करकचून बांधायचे नाही, मांत्रिकाकडे न्यायचे नाही. धीर द्यायचा, पाय हलू द्यायचा नाही आणि सर्पदंशाची लस जिथे आहे त्या दवाखान्यात तात्काळ पोचवायचे. हे कार्ड वाचताना भाऊही ओसरीवरून उठून आत आला आणि ऐकत उभा राहिला.

फवारणीच्या विषबाधेचे कार्ड मीच घालायला लावले. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही.

प्रत्येक उत्तराला तिने पाच पायऱ्या ठरवल्या. विचारा, तपासा, ठरवा, करा, आणि शेवटी पाठवा किंवा पुन्हा बोलवा. पेपर इंग्रजीत असल्याने आधी मराठीत तोंडी सांगायचे आणि मग चार-पाच छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहायचे. मोठी वाक्ये लिहायला गेली की व्याकरणात अडकायची आणि वेळ जायचा.

नुसते वाचण्यापेक्षा स्वतःला विचारणे का बरे, याचा एक प्रयोग अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झाला आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने पाहिले तेव्हा वाचणाऱ्यांच्या ध्यानात सुमारे ४२ टक्के राहिले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६ टक्के. पिवळ्या रेघांनी आपल्याला येते असे वाटते ते याचमुळे. ताजे ताजे वाचलेले असते ना!

दुसऱ्या महिन्यापासून घड्याळ लावून उत्तरे लिहिणे सुरू केले. तिसऱ्या महिन्यापासून दर रविवारी पूर्ण पेपर, मध्ये उठायचे नाही. पहिल्या रविवारी पुन्हा एक प्रश्न राहिला. तिसऱ्या रविवारी सगळा पेपर झाला आणि दहा मिनिटे उरली. शेवटच्या आठ-दहा दिवसांत नवीन काही वाचले नाही. स्वतःची वही आणि कार्डे, एवढेच.

घरच्यांनी काय केले

हा भाग मी मुद्दाम लिहितो, कारण पोरीच्या अभ्यासाला घरातूनच खो बसतो.

वहिनींनी सकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला. रक्तदाब मोजायच्या सरावासाठी साऱ्या वाड्याने हात पुढे केले. पाच मिनिटे बसवून, हात छातीच्या उंचीवर ठेवून, न बोलता मोजायचे, हा तिचा दंडक. त्यात भावाचाच रक्तदाब तीन वेळा वाढलेला निघाला. त्याने उडवाउडवी केली, पण शेवटी ग्रामीण रुग्णालयात दाखवले आणि गोळी सुरू झाली. त्यानंतर "पुरे झालं" हा शब्द त्याच्या तोंडून आला नाही. थ्री-फेज लाईन रात्रीची असली की तो मोटार चालू करायला जाताना तिच्या खोलीत डोकावून म्हणायचा, "झोपली नाई न?"

नातेवाइकांनी मात्र पिच्छा पुरवला. जो येईल तो विचारी, "निकालाचं काय झालं?" वहिनींनी उत्तर ठरवून ठेवले होते, "दिवाळीत सांगू."

निकाल

दुसऱ्या खेपेस ती पास झाली. पण सहा महिने गेले, ते गेलेच. तोवर आपल्या तालुक्यातल्या जागा भरल्या होत्या. तिला मेळघाटात धारणी तालुक्यातले उपकेंद्र मिळाले. भाऊ ट्रंक घेऊन सोडायला गेला आणि येताना एक शब्द बोलला नाही.

महिन्याभराने तिचा फोन आला. आठ महिन्यांचे बाळ आले होते. घरच्यांना वाटत होते साधी सर्दी. तिने मांडीवर घेऊन श्वास मोजला, ५६ भरला. छातीही आत ओढली जात होती. तिने लगेच १०८ ची गाडी बोलावली. बाळ पाच दिवसांनी बरे होऊन घरी आले.

आपल्या कारखान्याच्या दृष्टीनेही याचा विचार करावा. हंगामात तोडणीच्या टोळ्या राहुट्या टाकून राहतात. त्यात गरोदर बाया असतात, लस चुकलेली लेकरे असतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. जवळच्या उपकेंद्रात विश्वासाची, तपासून नीट सल्ला देणारी बाई असेल, तर अशा पुष्कळ गोष्टी आधीच थांबतील. आपली एक पोरगी एका पेपरापायी घरी बसली, तर तिचे नुकसान होतेच, पण एखाद्या गावचे उपकेंद्रही रिकामे राहते.

सभासदांना विनंती

ज्या घरी पोरीचा विषय राहिला आहे, त्यांनी एवढे करावे.

१. फेरपरीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी विचारून भिंतीवर लिहावी. दुःखात आठ दिवस गेले की तारीख निघून जाते.

२. फेरतपासणीचा अर्ज करायचा असेल तर जरूर करावा, पण त्या निकालाची वाट पाहत अभ्यास थांबवू नये.

३. आधी प्रश्नपत्रिका समोर घेऊन गुण कुठे गेले ते शोधावे. माहिती नव्हती, क्रम चुकला, वेळ पुरला नाही की प्रश्न कळला नाही, हे वेगवेगळे लिहावे. प्रत्येकावर उपाय वेगळा आहे.

४. वाचण्यापेक्षा विचारून घ्यावे. विचारणारा शिकलेला असलाच पाहिजे असे नाही. वाचता आले की पुरे.

५. चार महिने तिला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास मोकळे द्यावेत, आणि तेवढ्या काळात लग्नाचा विषय काढू नये.

खोडव्याचे आपण जाणतोच. मुळे जुनीच असतात, म्हणून काही करायला नको असे समजून जो सोडून देतो, त्याचा ऊस बसतो. बुडखे छाटून, बगला फोडून, नांग्या भरून वेळेवर खत देणाऱ्याला मात्र तोच खोडवा लागणीच्या तोडीस तोड उतारा देतो.

पुतणीने आपली कार्डे, साधारण दोनशे आहेत, माझ्याकडे ठेवली आहेत. ती शेतकी ऑफिसात माझ्या टेबलाच्या खणात मिळतील. ज्यांना हवी असतील त्यांनी नेऊन झेरॉक्स करावीत आणि आठ दिवसांत परत आणून द्यावीत. औषधांच्या मात्रा व नियम बदलत असतात, म्हणून चालू पुस्तकाशी एकदा ताडून घ्यावे.

पुढील अंकी खोडव्याला पहारीने खत देण्याविषयी लिहीन.

आपला,
ऊस विकास अधिकारी
(शेतकी विभाग)